बास माशासाठी जिगचा रंग आणि ट्रेलर कुठला? (डॅलस परिसर) मदत हवी आहे

फ्रिस्कोकर: शनिवारी पहाटे जायचंय, लवकर सांगा. दुकानात ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन रेड, जूनबग, ब्लॅक-ब्लू... भिंतभर पाकिटं! जिगला (वजनदार डोक्याचा, झालर लावलेला गळ) कुठला रंग घेऊ आणि मागे ट्रेलर (गळाला ओवायचं मऊ प्लास्टिकचं आमिष) कुठला? दोन रंगांत भागवायचंय.

तळ्याकाठी: कुठलं तळं? काठावरून की बोटीतून? पाणी नितळ की गढूळ?

फ्रिस्कोकर: लेक लुइसव्हिल. काठावरून.

तळ्याकाठी: आणि पाणी?

देवगडचा_गळ: रंगांचं एवढं काय घेऊन बसलात? जिवंत सुंगटं (कोळंबी) लावा. आमच्या खाडीत चोणक त्यावरच येतो.

ऑस्टिनवाला: चोणक खाडीतला, बास गोड्या पाण्यातला. ते जिगबद्दल विचारतायत हो.
फ्रिस्कोकर, मार्चमध्ये टेक्सासात लालच! क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातला नांग्यांचा, कोळंबीसारखा जीव) रंगाचं लिपलेस क्रँकबेट (ओढलं की थरथरणारं, माशाच्या आकाराचं कडक आमिष) घ्या आणि गवताच्या कडेने ओढा. जिग ठेवून द्या.

तळ्याकाठी: गवत आहे की दगड, ते तरी आधी विचारा.

फ्रिस्कोकर: दगड. मोठमोठे टाकलेत काठाला. परवाच्या पावसाने पाणी तपकिरी झालंय, वीतभर खालचं दिसत नाही.

तळ्याकाठी: हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. मग ब्लॅक-ब्लू. गढूळ पाण्यात गडद आकृती उठून दिसते, बारीक छटा कुणाला दिसणार? पाणी निवळलं की ग्रीन पम्पकिन. झाले दोन रंग. ट्रेलर जिगच्याच रंगाचा, नांग्यांचा. दगडांत क्रॉफिश असतात, बास तेच खायला येतो. पाणी ५० फॅरनहाइटच्या आसपास असेल तर कमी हलणारा साधा चंक (जाडसर, आखूड ट्रेलर), ६०च्या वर गेलं की नांग्या फडफडवणारा क्रॉ (क्रॉफिशच्या आकाराचा ट्रेलर).

शंकूपेशी: बासच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या प्रकाशाच्याच शंकूपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात, निळ्याच्या नाहीत. २०१९च्या संशोधनात काळा आणि निळा ओळखताना त्यांचा गोंधळ झाला होता. निळ्या चकाकीचे जास्त पैसे देऊ नका.

ऑस्टिनवाला: बघा! लाल दिसतो त्याला. मी तेच म्हणतोय.

तळ्याकाठी: दिसत असेल. पण या चहासारख्या पाण्यात रंगापेक्षा गडद आकृती महत्त्वाची.

सुरमईप्रेमी: बास चवीला कसा? रवा लावून तळता येतो का?

ऑस्टिनवाला: येतो, मांस पांढरं असतं. पण प्रत्येक तळ्याचे नियम आधी वाचा. टेक्सासातल्याच लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास पाण्यात परत सोडावाच लागतो. मोठ्या माद्या मार्चमध्ये अंडी घालायच्या बेतात असतात, मी तर कुठल्याच तळ्यावर त्या ठेवत नाही.

फ्रिस्कोकर: ब्लॅक-ब्लू घेतो. वजन? ३/८ औंस की १/२?

तळ्याकाठी: काठावरून ३/८. जड जिग दगडांच्या फटीत जास्त अडकते. ट्रेलर लांब वाटला तर डोक्याकडून अर्धा इंच कापा, नांग्यांना हात लावू नका. आणि गळात अगदी सरळ ओवा. वाकडा बसला की ओढताना जिग गरगर फिरते आणि दोराला पीळ पडतो.