स्लिप: मोटरवाल्यांची राहिलीच की!

'स्लिप' या इंग्रजी शब्दाचे किती अर्थ, यावर गप्पा चालल्यात; त्यात पगाराची स्लिप, क्रिकेटमधली स्लिप, जीभ स्लिप होणं, स्लिप डिस्क एवढं सगळं आलं. मोटरवाल्यांची तेवढी राहिली. आम्हा नागपूरकरांचा उन्हाळा तर तिच्याच भरवशावर निघतो.

कूलरच्या पंख्याची मोटर बहुधा इंडक्शनची, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं आतल्या भागात वीज निर्माण करून चालणारी. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) असेल, तर 50 हर्ट्झवर आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं, रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मात्र 1400 च्या आसपासच. हे मागं राहणं म्हणजे स्लिप. बिघाड नव्हे बरं का! रोटरनं क्षेत्राला गाठलं, तर त्यात वीज निर्माणच होणार नाही, सगळा जोर जाईल. लोड वाढला की स्लिपही वाढते. हिंगण्याच्या एमआयडीसीत 'स्लिप किती?' विचारलं, तर कोणी पगाराचा कागद काढणार नाही (महिनाअखेर सोडून).

कागदाची स्लिप मात्र 'घसरणं' अर्थाच्या स्लिपच्या घरातली नाही. ती जुन्या डच-जर्मन भाषांतल्या 'चीर, कापलेली पट्टी' अशा अर्थाच्या शब्दावरून आली असावी, असं कोशकार मानतात. कुंभारकामातली स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, तिचं मूळ चिखलाशी जोडतात.

आणि स्लिप डिस्क हे नाव फसवं आहे. मणक्यांमधली चकती जागची सरकत नाही; तिच्यातला मऊ गर बाहेर येऊन नसेवर दाब देतो.