रोमहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी एट्रस्कन गावं कोणती?

प्रतापनगर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मेच्या शेवटी आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी मुलाकडे रोमला जाणार आहोत. मुलगा-सून दोघंही नोकरीला, म्हणून कलोसियम, व्हॅटिकन वगैरे शनिवार-रविवारी त्यांच्यासोबत होईल. मधले दिवस आमचे, आणि त्यातले तीन मला एट्रस्कन लोकांसाठी ठेवायचे आहेत.

का, ते सांगते. एकदा वर्गात रोमची गोष्ट सांगत होते, तर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, रोमच्या आधी तिथं कोण होतं?" मी म्हटलं, एट्रस्कन. ती म्हणाली, "मग ते कुठं गेले?" माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. उद्या सांगते म्हटलं, आणि पोर्शन संपवायच्या घाईत तो उद्या काही आला नाही. पुढे घरी बसून वाचलं. रोमचे शेवटचे राजे एट्रस्कन घराण्यातले, इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी शेवटच्या तार्क्विन राजाला हाकललं अशी परंपरा, आणि नंतरच्या अडीचशे वर्षांत रोमनं त्यांची शहरं एकेक करून घेतली. ती मुलगी आता कुठं असेल कोण जाणे. पण तिचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे, ते मला जागेवर जाऊन पाहायचं आहे.

चेर्वेतेरी, तार्क्विनिया आणि ऑर्व्हिएतो अशी नावं काढली आहेत. गाडी नाही, बस किंवा रेल्वेनंच जाणार. यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला. सपाटीवर तीन किलोमीटर आरामात चालतात, पायऱ्या मात्र जपून. दोघंही शाकाहारी. कुणी गेलं असेल तर खरं खरं सांगा, कुठं वेळ द्यावा आणि काय सोडून द्यावं.

फुटाळा

काकू, मी लाकडावरच्या संशोधनासाठी आठ महिने व्हितेर्बोला होतो, रोमच्या उत्तरेला. सुट्टीच्या दिवशी जवळची थडगी पाहत हिंडायचो, पुढे त्याचंच वेड लागलं.

सगळ्यात आधी अर्धा दिवस रोममधल्या व्हिल्ला जुलिया संग्रहालयाला द्या. लोक हे शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. थडगी आता रिकामी आहेत, त्यातलं सामान इथं आहे, काही व्हॅटिकनच्या एट्रस्कन विभागात आहे. चेर्वेतेरीहून आणलेलं भाजल्या मातीचं एक जोडपं इथं बघा, इ.स.पू. ५२० च्या सुमाराचं. नवरा-बायको एकाच पलंगावर कोपर टेकून रेललेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघांच्या ओठांवर हसू. शेकडो तुकड्यांत होतं, ते जोडून उभं केलंय. ग्रीकांच्या मेजवानीत घरची बायको बसत नसे. एट्रस्कनांकडे ती नवऱ्याशेजारी बसायची आणि ग्रीक लेखकांनी त्यावरून या लोकांना भरपूर नावं ठेवलीत. हे दोघं डोळ्यांसमोर ठेवून थडग्यात उतरलात की आतली जागा रिकामी वाटत नाही.

पहिला दिवस चेर्वेतेरी. मेट्रोच्या ए मार्गावर कोर्नेलिया स्टेशन आहे, तिथून गावाची बस मिळते. गावापासून बांदिताच्चा ही त्यांची स्मशानभूमी दोनेक किलोमीटरवर. तिथं हजारो थडगी आहेत, आणि ती एखाद्या गावासारखी मांडलेली: रस्ते, चौक, घरांच्या रांगा. वर गवत उगवलेले गोल उंचवटे, खाली मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेल्या खोल्या. रस्त्याच्या दगडात बैलगाडीच्या चाकांसारख्या चाकोऱ्या पडल्यात, त्यांवर पाय ठेवून चालता येतं. मी लाकडाचा माणूस, मला तिथली छतं बघून राहवेना. आढं, वासे, चौकटी, सगळी सुतारकामाची जोडणी दगडात जशीच्या तशी कोरलेली. त्या लोकांची लाकडाची घरं केव्हाच कुजून गेली. त्यांचं घर आतून कसं दिसायचं ते आज आपल्याला थडग्यावरूनच कळतं.

त्यातलं एक अजिबात चुकवू नका, उठावचित्रांचं थडगं, म्हणजे तोंबा देई रिलिएव्ही. आत जाऊ देत नाहीत, काचेतून बघावं लागतं. खांबांवर, भिंतींवर घरातलं सामान उठावात करून रंगवलंय: दोर, सुऱ्या, पेले, पलंगावर जोडीनं उशा. आपल्याकडे ओट्याच्या वर खिळ्यांना झारा, उलथणं, सांडशी टांगलेली असते ना, तसंच. मी काचेला नाक लावून अर्धा तास उभा होतो.

दुसरा दिवस तार्क्विनिया. रोमहून रेल्वेनं सव्वा-दीड तास. स्टेशन खाली समुद्राकडे आणि गाव वर टेकडीवर, मधे बस पकडावी लागते. इथल्या थडग्यांत भिंतींवर रंगीत चित्रं आहेत. सुमारे सहा हजार थडग्यांपैकी दोनशेच्या आसपास रंगवलेली, त्यातली वीसेक बघायला मिळतात. इथं काकांची परीक्षा आहे: प्रत्येक थडग्याला वेगळा खडा जिना, तेवढंच उतरायचं आणि तेवढंच चढायचं. खाली काचेचं दार असतं, बटण दाबलं की आत दिवा लागतो. सगळी उतरायच्या फंदात पडू नका. 'शिकार आणि मासेमारी' आणि 'बिबटे' ही दोन काकांनी उतरावी, बाकी तुम्ही बघून त्यांना सांगा. पहिल्यात निळे-तांबडे पक्षी आभाळभर उडताहेत, खाली होडी, आणि एक मुलगा कड्यावरून पाण्यात सूर मारतोय. थडग्यात मी असं काही बघेन असं वाटलं नव्हतं.

सोमवारी ही ठिकाणं सहसा बंद असतात, सोमवार धरूच नका. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच चढायचं, नाहीतर दंड. बसची तिकिटं तंबाखूच्या दुकानात मिळतात, परतीचंही सकाळीच घेऊन ठेवा. खाण्याचं विशेष नाही: बेकरीत बिनमांसाचा साधा पिझ्झा मिळतोच, 'सेन्झा कार्ने' म्हणायचं. तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असल्या तर उत्तम.

एखादा दिवस वाढला तर व्हितेर्बो. जुना सान पेल्लेग्रिनो मोहल्ला आहे, आणि पोपचा वाडा. तिथं १२६८ ते १२७१ अशी जवळपास तीन वर्षं कार्डिनलांचं पोपच्या नावावर एकमत होईना. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, खाणं कमी केलं आणि वरचं छप्परसुद्धा काढलं!

सक्करदरा

आईला घेऊन ऑर्व्हिएतोला गेले होते, तिचेही गुडघे दुखतात म्हणून लिहिते. रोम-फ्लॉरेन्स रेल्वेमार्गावर आहे. गाव उंच सरळसोट खडकावर, पण स्टेशनसमोरूनच दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी वर नेते, एक पायरी चढावी लागत नाही. वर उतरलात की लगेच सान पात्रिझ्झिओची विहीर लागते. १५२७ साली पोप सातवा क्लेमेंट रोमच्या लुटीतून पळून इथं आला आणि वेढा पडला तर पाणी असावं म्हणून त्यानं ती खणायला घेतली. उतरायला एक जिना आणि चढायला दुसरा, पाणी आणणारी खेचरं एकमेकांना आडवी येऊ नयेत म्हणून. बघण्यासारखी आहे, पण २४८ पायऱ्या आहेत. काकांना वर बाकावर बसवा.

कथेड्रल १२९० मध्ये सुरू झालं, काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे. सगळे तेच बघून परततात. तुम्ही मात्र खडकाच्या पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तुफोला जा. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातली थडगी, सरळ गल्ल्यांत एकाला एक लागून, वाड्यातल्या खोल्यांसारखी. प्रत्येक दाराच्या वरच्या दगडावर मालकाचं नाव कोरलंय. घराच्या पाटीसारखं! आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं, आई गवतावर बसून राहिली, उठायलाच तयार नव्हती.

जुनापाणी

मॅडम, दोन गोष्टी. मी नागपूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकलो, म्हणून राहवत नाही.

पहिली: निघण्याआधी एक सकाळ काटोल रोडवर जुनापाणीला जा. तिथं सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत, लोहयुगीन माणसांची दफनं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, ते शोधा. जवळच्या माहुरझरीला माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या अलंकारांसकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. हे सगळं ढोबळमानानं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलं, म्हणजे चेर्वेतेरी नांदत होतं त्याच काळातलं. तिकडे एल्बा बेटावरचं लोखंड पोपुलोनिया या एट्रस्कन शहरात गाळलं जात होतं, इकडे पेंचच्या काठी आपलं. या दोन लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तो कुणी जोडू नये. पण आपल्या मातीतलं दफन आधी पाहिलेलं असलं की तिथं प्रश्न चांगले पडतात. मेलेल्यासोबत काय ठेवलं? जागा कुणाची, एकाची की घराण्याची?

दुसरी: सक्करदरा यांनी सांगितलेली ती दारावरची नावं. एट्रस्कन लिपी ग्रीकांवरून घेतलेली, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. भाषा मात्र लॅटिन-ग्रीकच्या कुळातली नाही, बरेच शब्द आजही लागत नाहीत. पण त्या दारांवरचं वाक्य लागतं. उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिला शब्द नागमोडी 'म' आणि मग एक उभी रेघ, ती 'इ'. हा शब्द 'मी', आणि त्याचा अर्थही 'मी'. पुढे नाव: मी आवेलेचं, मी लार्थचं. थडगंच बोलतं. मराठीशी हा निव्वळ योगायोग आहे, यावरून कुणी नातं काढू नका. पण मराठी माणसाला एट्रस्कनमधला एक शब्द न शिकवता येतो, हे खरं.

प्रतापनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा नागपूरला परतलो, जेटलॅग आहे तोवर लिहून काढते.

जुनापाणीला निघायच्या आठवड्यात सकाळी सहाला गेलो. साडेसातला दगडांना हात लागत नव्हता. खळगे सापडले. इतकी वर्षं या रस्त्यानं काटोलला ये-जा केली आणि एकदाही वर्गाला इथं आणलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

फुटाळा, तुमचं ऐकून व्हिल्ला जुलिया आधी केलं आणि ते फार बरं झालं. त्या जोडप्यासमोर हे बराच वेळ उभे राहिले. चेर्वेतेरीला सकाळ छान गेली, दुपारी परतीची बस आलीच नाही, दीड तास उन्हात थांबलो. यांचा पाय सुजला, दुसरा दिवस घरीच काढावा लागला. जाणाऱ्यांनी परतीच्या दोन बसच्या वेळा लिहून ठेवाव्या, एका बसवर भिस्त ठेवू नये. उशांची ती जोडी मात्र तुम्ही सांगितली तशीच दिसली. एका माणसाच्या शयनघरात आपण न विचारता डोकावतोय असं वाटून मी मागे सरकले.

तार्क्विनियाला हे दोन थडगी उतरले. पुढच्या पाचांना मी एकटी उतरायचे, वर येऊन बाकावर यांना सांगायचे: नाचणारे होते, बासरीवाला होता, एकाच्या हातात अंडं होतं. हे विचारायचे, "अंडं कशाला?" मग खाली जाऊन पुन्हा पाहून यायचे. निवृत्त झाल्यापासून इतकं मन लावून मी कुणाला काही शिकवलं नव्हतं.

आणि त्या मुलीचं उत्तर. ते कुठं गेले नाहीत. शहरं पडली, व्होल्सिनी म्हणजे आजचं ऑर्व्हिएतो इ.स.पू. २६४ मध्ये, पण माणसं तिथंच राहिली. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना रोमचं नागरिकत्व मिळालं, मुलं लॅटिन बोलू लागली, आणि नातवंडांना आजी-आजोबांच्या दारावरचं वाचता येईनासं झालं. मी आता असं सांगितलं असतं.

ऑर्व्हिएतोला आम्ही विहीर सोडली आणि सरळ खाली थडग्यांच्या गल्लीत गेलो. पहिल्या तीन दारांवरची अक्षरं झिजलेली, काही लागेना. चौथ्या दारावर ऊन तिरपं पडलं होतं. उजव्या टोकाला नागमोडी म, शेजारी उभी रेघ. मी मोठ्यानं वाचलं, "मी."

हे मागून म्हणाले, "अजून एकदा वाच."