२.५ सीसीच्या कंट्रोल लाईन विमानाला तार किती फुटी घ्यावी? काकांच्या ६० फुटी तारा चालतील का?

माळावरचा_बाल्सा, सातारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. आमचे काका कॉलेजात एनसीसी एअर विंगला होते, तेव्हा एरोमॉडेलिंग करायचे, त्यातही कंट्रोल लाईन, म्हणजे हातातल्या हँडलाला दोन तारांनी जोडलेलं विमान आपल्याभोवती गोल उडवायचं. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तर आत एक २.५ सीसीचं ग्लो इंजिन (तापलेल्या प्लगवर चालणारं; फिफ्टीन साईज, म्हणजे ०.१५ घनइंच), लाकडी हँडल आणि रिळावर गुंडाळलेल्या स्टीलच्या तारा. इंजिन वाळलेल्या एरंडेलानं गच्च जाम झालेलं, हेअर ड्रायरनं गरम करून आणि ग्लो फ्युएल सोडून दोन दिवसांनी मोकळं केलं, आता झकास चालतंय. मग चार महिने खपून प्रोफाइल ट्रेनर (सपाट फळीच्या अंगाचं शिकाऊ विमान) बांधला, पंख ३६ इंच, तयार वजन ४८० ग्रॅम.

अडचण अशी की तारा मोजल्या तर भरल्या ६० फूट आणि जाडी ०.४५ मिमी. त्यावरच उडवायला गेलो. दोनदा टेकऑफ झाला पण विमान डोक्याच्या वर चढायला लागलं की हातातली ओढच जाते, हँडल हलवलं तरी विमानाला काही होत नाही, दुसऱ्या वेळी ते आतच आलं आणि मी पळत मागं गेलो म्हणून तार परत ताणली, नाहीतर चार महिन्यांचं काम गेलंच होतं. नेटवर कुठं ५२ फूट लिहिलंय, कुठं ६०, कुठं ४२. नेमकी किती घेऊ? ग्राउंड शाळेचं आहे, मोठं आहे, जागेची अडचण नाही.

कृष्णाकाठ_हाफए, मिरज

भावा आधी विमान वाचलं त्याबद्दल अभिनंदन, मागं पळायचं सुचलं हेच मोठं, बहुतेकांचा पाय जागचा हलत नाही.

मी लहान इंजिनवाला, ०.८ सीसी (झिरो फोर नाईन, म्हणजे ०.०४९ घनइंच, यालाच हाफ-ए म्हणतात). त्याला मी ३० ते ३५ फुटाच्या वर जात नाही. आणि स्टील वापरतच नाही, मासेमारीच्या दुकानात ती विणलेली ब्रेडेड लाईन मिळते ना, ती घेतो, हलकी असते आणि ताणत नाही. फक्त दुकानदार साधी नायलॉनची तंगूस देईल ती घेऊ नको, ती रबरासारखी ताणते, तू हँडल हलवणार आणि एलेव्हेटर (विमान वर-खाली नेणारी शेपटीची पट्टी) आपल्या जागी शांत. ब्रेडेडच्या गाठी मात्र सुटतात, गुळगुळीत असते ती, प्रत्येक फ्लाईटच्या आधी ओढून बघतो मी. पण हे सगळं हाफ-ए पुरतं हां, तुझ्या २.५ ला स्टीलच पाहिजे.

थर्मल_शोधतोय, कराड

फिफ्टीन इंजिन म्हणजे ५२ फूट, यात विचार करण्यासारखं काय आहे? वर्ल्ड चॅम्पियनशिपला टीम रेस (शर्यत) आणि कॉम्बॅट (हवेतली झुंज) यांची विमानं २.५ सीसीचीच असतात आणि तिथं १५.९२ मीटरच लागतं, म्हणजे ५२ फूट आणि वर थोडं. ५२ च्या तारा कर आणि उडव.

एरंडेलवाला, सांगली

थोडं लांबण लावून लिहितो, कारण हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो आणि दर वर्षी आपण त्याला एक आकडा देऊन मोकळे होतो, मग तो पोरगा पहिल्याच रविवारी विमान मोडून घरी जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कराडकर, १५.९२ चा आकडा बरोबर आहे पण तो आला कुठून ते बघा. १५.९२ मीटर त्रिज्येचा परीघ येतो १०० मीटर. म्हणजे १० लॅप झाले की १ किलोमीटर, मोजायला सोपं. स्पीडच्या वर्गात १७.६९ मीटर आहे, तिथं ९ लॅपला १ किलोमीटर बसतो. हे हिशोब स्टॉपवॉचवाल्या पंचासाठी आहेत, तुमच्या विमानासाठी नाहीत. टीम रेसची विमानं ताशी दीडशेच्या वर पळतात, त्यांना १५.९२ वर ओढ कमी पडायचा प्रश्नच येत नाही, उलट हात उपटून निघेल एवढी ओढ असते. आपला प्रोफाइल ट्रेनर ताशी साठ-पासष्टनं जाणारा. इंजिनाचा सीसी तोच असला तरी दोघांची तार एकच कशी असेल? स्टंटच्या (कसरतींच्या) वर्गात तर नियमच १५ पासून २१.५ मीटरपर्यंत मोकळीक देतो, कारण तिथं प्रत्येक जण आपल्या विमानाला मानवेल ती लांबी शोधतो.

आता बाल्सा, तुझ्या विमानाचं बघू. तार ताणून धरतो तो वेग, आणि ओढ काढायची म्हणजे वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या (उत्तर ग्रॅममध्ये हवं तर वर ९.८ नं भागायचं). आपण शाळेत शिकलेलं केंद्राभिमुख बल, तेच हँडलात जाणवतं. त्रिज्या वाढली की ओढ कमी. सरळ लॅपमध्ये हे कळत नाही, कारण तिथं ओढ भरपूर असते. पण विमान डोक्यावर गेलं की गुरुत्वाकर्षण त्याला तुझ्याकडं खेचतं, आणि चढून चढून वेग पण पडलेला असतो. समज वर पोचेपर्यंत वेग सेकंदाला १३ मीटर राहिला. ६० फुटी तार, पंखाची आणि हाताची लांबी धरून त्रिज्या साधारण १८.८ मीटर. ओढ येते ४४० ग्रॅम. विमानाचं वजन ४८०. म्हणजे विमान तुझ्या दिशेनं पडतंय, तार ढिली, तुझं हँडल गेलं. हेच तुला दोनदा झालंय. आता तोच वेग ४६ फुटी तारेवर धर, त्रिज्या साधारण साडेचौदा मीटर, ओढ ५७० ग्रॅम. वजनापेक्षा जास्त, तार ताणलेली राहिली. विमान तेच, इंजिन तेच.

वर अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्याकडं हीच जास्त नडली. काकांच्या तारा ०.४५ मिमी जाड आहेत. ०.४५ आणि ६० फूट हे ५ ते ६ सीसीच्या मोठ्या स्टंट विमानाचं माप आहे, थर्टीफाईव्ह (०.३५ घनइंच) इंजिन, वजन किलोच्या वर. काकांकडं एके काळी ते विमान असणार, ट्रंकेत फक्त त्याच्या तारा उरल्या. दोन तारा हवेतनं ओढायला इंजिनला जोर लागतो, आणि तो तारेच्या लांबीवर आणि जाडीवर दोन्हीवर वाढतो. ६० फुटाच्या ०.४५ ऐवजी ४६ फुटाच्या ०.३ मिमीच्या तारा घे, हवा कापणारी पट्टी निम्मी होते. तेवढा वेग तुला फुकट परत मिळतो, आणि वेग वाढला की ओढ त्याच्या वर्गात वाढते.

आणि सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, हवा ६-७ टक्के विरळ, एप्रिल-मेच्या दुपारी त्याहून पातळ. इंजिनही थोडं मवाळ चालतं. समुद्रसपाटीवरच्या माणसानं लिहिलेला तक्ता साताऱ्यात एक-दोन फूट कमीच धरावा असं माझं मत आहे.

तर सुरुवात ४६ फुटापासून कर, ०.३ मिमीची सात पदरी स्टेनलेस. आणि लांबी ठरवायची स्टॉपवॉचनं. विमान सरळ लेव्हलला धर, १० लॅप मोज. शिकाऊ माणसाला एका लॅपला पाच सेकंदाच्या आसपास सगळ्यात बरं. चारच्या खाली आलं तर चक्कर येते आणि विचार करायला वेळ मिळत नाही, तेव्हा तार वाढव. सहाच्या वर गेलं तर वरच्या चढावर ढिली पडणार, तेव्हा कमी कर.

थर्मल_शोधतोय, कराड

हे १०० मीटरचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, मी समजत होतो की इंजिनासाठी ठरवलेलं माप आहे. पण एक सांगा एरंडेलवाले काका, तार कमी केली की सगळंच फास्ट होतं ना? नवीन पोराला ४६ वर गरगरणार नाही का? मी पहिल्यांदा ४० वर उडवलेलं तेव्हा तिसऱ्या लॅपला खाली बसलो होतो.

एरंडेलवाला, सांगली

होतं, म्हणूनच ४० सांगितलं नाही. ४० वर तुमचं विमान चार सेकंदाच्या खाली आलं असणार. गरगरायला दुसरं कारण पण असतं, माणूस विमानाकडं न बघता मागच्या झाडांकडं, माणसांकडं बघतो. नजर विमानावरच चिकटवून ठेवायची, पाय छोटे छोटे टाकत विमानाबरोबर फिरायचं, मग गरगरत नाही.

बाल्सा, तार कापायच्या आधी विमानाचं पण बघून घे, नाहीतर दोष तारेवर जाईल. बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं वजन आहे का? इंजिन दोन अंश बाहेरच्या बाजूला आहे का? आणि लीडआऊट (पंखातनं बाहेर येणारी टोकं, ज्यांना तारा जोडतो) बॅलन्स पॉइंटच्या थोडे मागं निघतात का? या तिघांत गडबड असेल तर ४६ फुटावर पण नाक आतच वळणार. वर्तुळाच्या आत बघणारं विमान कुठल्याच लांबीवर उडत नाही.

कृष्णाकाठ_हाफए, मिरज

काकांच्या तारा कापून ४६ करू नको हां. जाडी तीच राहणार, आणि एवढी वर्षं रिळावर पडलेल्या तारेला पीळ आणि गंज असतोच, पीळ पडलेली जागा बघून कळत नाही, तुटते तेव्हाच कळते. नवीन तारा कर. त्या पण आधी ५२ कापून बघ, मग ४९, मग ४६, कापलेली तार परत जोडता येत नाही.

एरंडेलवाला, सांगली

मिरजकरांनी नवीन तारांचं सांगितलं ते अगदी बरोबर. कापायच्या क्रमाबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. लांब तारेवर तो आधीच दोनदा वाचलाय, तिसऱ्यांदा नको. रीळ १०० फूट आणि वर घ्यायचं, त्यात ४६ ची जोडी होते, आणि पुढं लांबी वाढवावीशी वाटली तर नवीन जोडी करावी. तारेला शे-दोनशे जातील, विमानाला चार महिने गेलेत.

जोडी करताना दोन्ही तारा एकाच खिळ्याला अडकवून एकदम मोज, अर्धा इंच फरक पडला तरी न्यूट्रल (हँडल सरळ असताना एलेव्हेटर सपाट राहायची जागा) हलतं आणि तू सरळ धरलेलं समजत असताना विमान वर चढत राहतं. टोकाला तार छोट्या आयलेटवरनं (धातूच्या कडीवरनं) फिरवून पातळ तांब्याच्या तारेनं गुंडाळ, नुसती गाठ मारली की स्टील तिथंच तुटतं. मग ओढून बघायचं. विमानाच्या दहापट वजन, म्हणजे तुझ्यासाठी ४.८ किलो. एकानं विमान बेलक्रँकपाशी (तारांची ओढ एलेव्हेटरला पोचवणाऱ्या फिरत्या पट्टीपाशी) घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं हँडलाला भाजीवाल्याचा लटकवायचा काटा लावून पाचपर्यंत ओढायचं. प्रत्येक उडवायच्या दिवशी सकाळी. आणि हँडलाची दोरी मनगटात, हे विसरायचं नाही, इंजिन चालू असताना हँडल सुटलं तर ते विमान ग्राउंडवर कुठंही जाईल आणि शाळेचं ग्राउंड म्हटल्यावर पोरं असणारच.

विजेच्या तारा ग्राउंडच्या आसपास कुठं जातात ते चालत जाऊन बघून ये. आपली तार स्टीलची आहे आणि ती थेट हातात आहे, यावर जास्त लिहायची गरज नाही. ढग गडगडायला लागले की त्या दिवशी विमान गाडीतच.

माळावरचा_बाल्सा, सातारा

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. काकांना फोनवर विचारलं, अंदाज अगदी बरोबर निघाला, त्यांच्याकडं थर्टीफाईव्ह इंजिनाचं मोठं स्टंट विमान होतं, ते कॉलेज संपताना मित्राला दिलं, तारा तेवढ्या राहिल्या. ते सांगताना काका बराच वेळ गप्प झाले.

टिप वेट नव्हतंच! नाण्याएवढा शिशाचा तुकडा बाहेरच्या टोकाला लावला. लीडआऊट बरोबर होते.

माळावरचा_बाल्सा, सातारा

परत आलो, तीन आठवड्यांनी. तारा मागवायला वेळ गेला. काल रविवारी सकाळी सातला ग्राउंडवर गेलो, चारनंतर यवतेश्वराकडनं वारा सुटतो म्हणून सकाळच गाठली. ४६ फूट, ०.३ मिमी, पाच किलोला ओढून बघितल्या, धरल्या. काका कोरेगावहून मुद्दाम आले होते, विमान त्यांनीच सोडलं, वारा माझ्या पाठीकडनं विमानाकडं जाईल अशा बाजूला, हे त्यांनी न सांगता केलं.

पाच फ्लाईट झाल्या. स्टॉपवॉच बहिणीकडं होतं, १० लॅपला ५० सेकंद. हँडलात ओढ अशी की मनगट दुखतंय आज, पण हात हलवला की विमान हलतं, मधे काही शिल्लक राहत नाही. चौथ्या फ्लाईटला काकांनी हँडल मागितलं. पस्तीस वर्षांनी. दोन लॅप सरळ, मग त्यांनी विमान थेट डोक्यावरनं नेऊन पलीकडं उतरवलं, तार कुठंच ढिली नाही. मी ते करायचं धाडस अजून केलेलं नाही.

आता एक विचारायचं होतं, काका म्हणतात ५० फुटावर लूप मोठा आणि गोल येईल, मला ४६ सोडवत नाही. लूप शिकेपर्यंत ४६ वरच राहू का?

एरंडेलवाला, सांगली

राहा. पहिले लूप वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला कर, म्हणजे वारा विमानाला बाहेर ढकलेल, आणि उंची डोळ्याच्या वर असताना सुरू कर. ५० ची जोडी काकांसाठी कर आणि पुढच्या रविवारी दोन्ही घेऊन जा, त्यांचे १० लॅप किती सेकंदात होतात ते इथं लिही.