−३² म्हणजे ९ की −९?

अबोली
भाचीची वही बघताना काल अडकले. −क्ष² + ४क्ष मध्ये क्ष = ३ घालायचं होतं. तिने −३² चे ९ केले, त्यात १२ मिळवले आणि २१ लिहिलं. बाईंनी ते खोडून ३ केलंय. मी भाचीच्या बाजूने आहे. आपण वाचतो "उणे तीनचा वर्ग". उणे तीन ही अख्खी संख्या आहे, संख्यारेषेवर तिला स्वतःची जागा आहे. मग वर्ग तिचाच नको का व्हायला? क्रियांचा क्रम सांगणाऱ्या 'कंचेभागुबेव'मध्ये तर घातांकाचा उल्लेखसुद्धा नाही.

पाटीपेन्सिल
अजिबात पटलं नाही. घातांक ज्याच्या डोक्यावर बसलाय तोच पाया. कंस नाही, म्हणजे पाया ३. १० − ३² किती? १, यात कुणाचं दुमत नसतं. आता १० च्या जागी ० लिहा, −९ आले. ते शून्य पुसलं की ९ कसे होतील? वाचायचंही "तीनच्या वर्गाची विरुद्ध संख्या" असं.

रकाना
एक्सेलमध्ये =-३^२ टाकलं की ९ येतात, =०-३^२ टाकलं की −९. पायथन ही संगणकभाषा -३**२ चे (** म्हणजे घात) −९ देतं. जावास्क्रिप्ट तर कंसाशिवाय घेतच नाही, चूक दाखवतं. म्हणजे हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. मुलीला सरळ चूक ठरवणं मला जड जातं.

पाटीपेन्सिल
संकेतच आहे, मान्य. पण बीजगणितात तो उगाच ठरलेला नाही. हीच पदावली ४क्ष − क्ष² अशी लिहा: १२ − ९ = ३. पदं फक्त मागेपुढे केली. भाचीच्या रीतीने एकीकडे २१, दुसरीकडे ३. पदांची जागा बदलून किंमत बदलायला लागली तर बीजगणित करायचं कसं? शिवाय −क्ष² आणि क्ष² एकच होऊन बसतील.

अबोली
हे मात्र पटलं. दोन्हीकडून करून बघितलं, ३ च बरोबर. तरी नुसते आकडे असताना कंसाशिवाय −३² परीक्षेत विचारू नये. त्यात गणित कमी आणि चकवा जास्त.

पाटीपेन्सिल
विचारावंच. पुढे प्रत्येक सूत्रात हेच भेटणार आहे. तिला एवढंच सांगा, किंमत घालताना कंसासकट घाल.

अबोली
आज क्ष = −३ घ्यायला लावलं. तिने लिहिलं: −(−३)² + ४(−३) = −९ − १२ = −२१. कंस न सांगता घातले. परीक्षेबद्दलचं माझं मत तेच आहे.