34 फुटी केबिन क्रूझरचा एसी बदलायचा आहे, जुनं यंत्र आर-22 चं : नक्की काय काय बदलावं?

खाडीकाठ

मंडळी, बोट 34 फुटी, फायबरची, डिझेल इंजिनं. मुंबई बंदरात बोयावर असते, म्हणजे किनाऱ्याची वीज नाही. जनरेटर 4 केव्हीए डिझेल, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. एसी मूळचा आहे: समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा, 16,000 बीटीयू (गारवा देण्याच्या क्षमतेचं माप), आर-22 गॅस, सलूनच्या, म्हणजे बसायच्या मुख्य केबिनच्या, बाकाखाली बसवलेला. दुपारी पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि पॅनेलवर एचपीएफ दाखवून बंद पडतो. सकाळी बंद पडत नाही, पण गारवाही बेताचाच. मेकॅनिकचं म्हणणं, यंत्र संपलं, नवीन आणा, पंप आणि पाइप आहेत तसेच राहू द्या.

पावसाळ्यात बोट वर काढून शाकारतो, तेव्हा काम करायचं आहे. सलून 85 चौ. फूट (काचा मोठ्या), मागची झोपायची केबिन 50 चौ. फूट. यंत्र किती बीटीयूचं घ्यावं, पंप-पाइप खरंच ठेवता येतील का, आणि जनरेटर पुरेल का?

सुकाणू

यंत्र संपलं हे बोट पाण्यात असतानाच ठरवा, वर काढल्यावर कळणार नाही. तुम्ही दोन लक्षणं सांगितलीत आणि ती दोन वेगवेगळ्या दुखण्यांची वाटतात.

एचपीएफ म्हणजे कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या कॉइलच्या) बाजूचा दाब मर्यादेपलीकडे गेला. दहापैकी नऊ वेळा कारण पाणी कमी हेच असतं: गाळणी तुंबलेली, बोटीच्या तळातल्या पाणी घ्यायच्या तोंडात बार्नॅकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव), होजमध्ये हवा, किंवा कंडेन्सरच्या कॉइलमध्ये क्षार. मे महिन्यात बंदरातलं पाणी 30 अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे जिथे थंड समुद्रात पाणी थोडं कमी आलं तरी निभावतं, तिथे आपल्याकडे निभावत नाही. सकाळचा बेताचा गारवा मात्र गॅस गळतीचा असू शकतो.

तीन मोजमापं घ्या. बाहेर पडणाऱ्या धारेखाली 10 लिटरची बादली धरा आणि किती सेकंदांत भरते ते बघा. 16,000 बीटीयूला मिनिटाला 16 ते 20 लिटर पाणी हवं, म्हणजे बादली 30 ते 38 सेकंदांत भरली पाहिजे. दुसरं, गाळणीच्या पारदर्शक झाकणात टॉर्च मारा. पंप चालू असताना बुडबुडे सतत येत असतील तर शोषणाच्या बाजूला हवा शिरते आहे. तिसरं, बाष्पक कॉइलच्या (केबिनची हवा गार करणाऱ्या) खालच्या वळणांवर आणि तिच्याखालच्या पाणी जमणाऱ्या ट्रेच्या कडेला हाताचं बोट फिरवा. काळपट तेलकट चिकटा लागला तर तिथून गॅस गळतोय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं.

खाडीकाठ

मोजलं. बादली भरायला 80 सेकंद. गाळणीत बुडबुडे आहेत. कॉइलच्या डाव्या कोपऱ्यात तेलाचा ओघळ आहे आणि ट्रे गंजून एका जागी आरपार गेलाय.

सुकाणू

80 सेकंद म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. दुपारी बंद पडण्याचं कारण हेच. कॉइल गळकी आणि ट्रे फुटका, म्हणून यंत्र बदलणं रास्त आहे. आर-22 च्या यंत्रावर आता पैसे घालू नयेत, मॉन्ट्रियल करारानुसार 2030 पर्यंत तो गॅस आपल्याकडे टप्प्याटप्प्याने बंद होतोय. जुन्या यंत्रात आर-410ए भरून चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याचा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त असतो आणि तेलही वेगळं लागतं.

पण पाण्याची वाट तशीच ठेवून नवीन यंत्र बसवलंत तर पुढच्या मे महिन्यात तेही एचपीएफ दाखवेल. पैसा आणि वेळ आधी तिथे घाला.

सीकॉकपासून, म्हणजे तळाच्या तोंडावरच्या झडपेपासून, यंत्रापर्यंतची होज कुठेही खाली उतरता कामा नये. सीकॉक, मग गाळणी, मग पंप, मग कंडेन्सरचं खालचं तोंड, अशी चढतीच पाहिजे. नंतर वरच्या तोंडातून पाणी उतरत बाहेर. एसीचे पंप सेंट्रिफ्युगल असतात, हवा ओढून काढण्याची ताकद त्यांच्यात नसते. म्हणून पंप आणि गाळणी दोन्ही पाणरेषेखाली हवेत, पंपाचं डोकं निदान एक फूट खाली, आणि गाळणी पंपाहून खालच्या पातळीला. होज एखाद्या रिबवरून चढून परत खाली गेली की त्या कमानीत हवा अडकते. बोट वेगात असताना किंवा लाटेवर उचलली गेली की तळाच्या तोंडातून थोडी हवा येतेच. चढत्या होजमधून ती निघून जाते, कमानीत मात्र ठाण मांडून बसते.

तळाला स्कूपवालं तोंड हवं, फटी नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) करून, आणि ते फक्त एसीसाठी. इंजिनाच्या किंवा टॉयलेटच्या सीकॉकला टी मारून पाणी घेऊ नका, तिकडचा पंप चालू झाला की इकडची होज रिकामी होते. बोट वर काढाल तेव्हा तोंडाची जाळी खोलून स्क्रूड्रायव्हरने आतले बार्नॅकल खरवडा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या तोंडाच्या आत, नळीच्या पहिल्या दोन इंचांत, थर सापडतो. आतल्या बाजूला अँटिफाउलिंगचा (असे जीव चिकटू न देणाऱ्या रंगाचा) पातळ हात द्या, पण बोटीचं बूड फायबरचं आणि तोंड काशाचं असेल तरच तांब्याचा रंग चालेल.

गाळणी बदला. पाऊण इंची तोंडाची, पण भांडं मोठं घ्या. उधाणाच्या भरतीला बंदरात गाळ आणि प्लॅस्टिकचे तुकडे इतके उठतात की लहान गाळणी दोन दिवसांत भरते. पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचा, ताशी सुमारे 1,900 लिटर असं लिहिलेला. हा आकडा शून्य उंचीचा असतो. होज, वळणं आणि चढ धरून प्रत्यक्षात मिनिटाला 16-20 लिटर हातात येतात. शोषणाला 19 मि.मी. होज, पुढे 16 मि.मी., दोन्ही जाळीच्या मजबुतीच्या. पाणरेषेखालच्या प्रत्येक जोडाला 316 स्टेनलेसच्या दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. तुमचे बुडबुडे बहुधा एखाद्या सैल क्लिपेतून किंवा गाळणीच्या वाळलेल्या ओ-रिंगमधून येताहेत. शोषणाच्या बाजूला पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून गळती दिसत नाही.

वीजखांब

जनरेटरचं सांगतो. 16,000 बीटीयूचं यंत्र 230 व्होल्टवर चालताना 6 ते 7 अँपिअर घेतं, पंप एकाहून कमी. 4 केव्हीए म्हणजे सुमारे 17 अँपिअर, त्यामुळे चालू भार अडत नाही. अडतो तो सुरुवातीचा झटका. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर 35-40 अँपिअर मागतो, व्होल्टेज कोसळतं, कॉम्प्रेसर अडून बसतो आणि ओव्हरलोड तोडतो. यंत्राला सॉफ्ट स्टार्टर लावा, झटका निम्म्याच्या आत येतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं मरीन यंत्र परवडत असेल तर हा प्रश्नच उरत नाही, ते हळूहळू वेग घेतं. पाणी तापवायचा गिझर आणि एसी एकाच वेळी चालणार नाहीत असा स्विच पॅनेलवर ठेवा.

यंत्राला स्वतंत्र 16 अँपिअरचा ब्रेकर, त्याआधी 30 मिलिअँपिअरचं आरसीडी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच), वायर कथील चढवलेल्या तांब्याची, बहुतारी, 2.5 चौ. मि.मी. पंपाला वीज यंत्राच्या कंट्रोल बॉक्समधूनच द्या, म्हणजे कॉम्प्रेसरबरोबर पंपही आपोआप चालू होईल. यंत्राचा सांगाडा, पंप, काशाचे सीकॉक बोटीच्या बाँडिंगला (धातूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या वायरला) जोडा, वायर निदान 8 चौ. मि.मी. हे राहिलं तर कंडेन्सरची तांबं-निकेलची नळी झिजते आणि दोन-तीन वर्षांत टाचणीएवढं भोक पडतं.

अमेरिकेहून आलेली बोट असणाऱ्यांनी प्लेट वाचावी. 60 हर्ट्झचंच असं लिहिलेलं यंत्र 50 हर्ट्झवर चालवलं तर कॉम्प्रेसर सहाव्या हिश्शाने मंद फिरतो आणि गरम होतो. ‘50/60’ असं लिहिलेलं घ्या.

मांडवी_काठ

एक शंका. पणजीकडे काही बोटींवर घरातला दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट लावतात, खूप स्वस्त पडतो. तो का नको?

सुकाणू

धक्क्याला बांधून ठेवलेल्या, संथ नदीतल्या मोठ्या बोटीवर तो काही हंगाम चालतो, हे खरं आहे. क्रूझरवर तीन अडचणी. बाहेरच्या युनिटचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे खाऱ्या फवाऱ्यात पांढरे पडून भुगा होतात. ते युनिट डेकवर म्हणजे उंचावर येतं, डोलणं वाढतं, आणि त्याचे ब्रॅकेट लाटेचे धक्के सोसायला केलेले नसतात. शिवाय तांब्याच्या लांब नळ्यांचे फ्लेअर जोड इंजिनाच्या कंपनाने ढिले होऊन गॅस सोडतात. मरीन एकसंध यंत्रात गॅस कारखान्यातच भरून सील केलेला असतो, बसवताना गॅसला हात लावायचाच नाही. हा फायदा लहान नाही.

गारवा_पाहिजे

आकाराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आपल्या हवेत ठोकताळा असा: डेकखालच्या केबिनला चौ. फुटामागे 90 बीटीयू, काचांच्या सलूनला 120. 85 गुणिले 120 म्हणजे 10,200, 50 गुणिले 90 म्हणजे 4,500. बेरीज 14,700, तेव्हा 16,000 बरोबर आहे. 20,000 चा मोह नको. मोठं यंत्र पाच मिनिटांत तापमान गाठून थांबतं, हवेतली ओल तशीच राहते, आणि गाद्यांना कुबट वास येतो. दुपारी काचांना बाहेरून पांढरं कापड लावलंत तर जो फरक पडतो तो 4,000 बीटीयूने पडणार नाही.

हवेची वाट पाण्याच्या वाटेइतकीच महत्त्वाची. 16,000 ला मुख्य डक्ट 7 इंची, पुढे सलून आणि मागची केबिन अशा फांद्या. परतीची जाळी (जिथून केबिनची हवा यंत्रात परत जाते) पुरवठ्याच्या जाळ्यांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुप्पट असावी. नेमका आकडा यंत्राच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो पाळा. बाकाला आधीपासून असलेली छोटी शोभेची जाळी बहुतेकदा पुरत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. लवचिक डक्ट ताणून बसवा, वाढीव लांबी कापून टाका. आतल्या थराला स्टेनलेसचे छोटे स्क्रू मारून मग अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा. कापडी टेप ओलीने सुटते आणि थंड हवा बाकाखालीच फिरत राहते.

निचरा: मुंबईच्या दमटपणात तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज निघतं. नळी सतत उतरती, मध्ये यू आकाराचं वळण, शेवट स्वतंत्र संपमध्ये (पाणी साठवणाऱ्या छोट्या टाकीत). इंजिन किंवा जनरेटरच्या कप्प्यात ती कधीही सोडू नका. यंत्राचा पंखा परतीची हवा ओढतो, त्याबरोबर त्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या केबिनपर्यंत येतो. त्याच कारणाने यंत्राचा कप्पा आणि इंजिनाचा कप्पा यांच्यातली प्रत्येक फट बुजवा आणि झोपायच्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. याबाबत तडजोड नको.

खाडीकाठ

खूप उपयोगी. बोट वर असताना नवीन यंत्र चालवून बघता येईल का? आणि काढताना काय जपावं?

सुकाणू

काढण्याआधी पुठ्ठ्याचं खोकं नवीन यंत्राच्या मापाचं करा आणि ते दरवाजातून, जिन्यावरून, बाकाच्या झाकणातून उतरतंय का बघा. यंत्र 25-30 किलोचं असतं, आडवं करून नेता येत नाही. सीकॉक बंद, वीज बंद, कपॅसिटरमधला भार उतरवा, प्रत्येक वायरचा फोटो. जुना गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीन असलेल्या माणसाकडून काढून घ्या. बैठकीचं प्लायवूड ट्रेच्या गळतीने कुजलं असेल, टोकदार पेचकसाने टोचून बघा. मऊ लागलं तर नवीन बसवून चहूबाजूंनी, कापलेल्या कडांसकट, इपॉक्सी द्या.

जमिनीवर चाचणी होते. सीकॉककडची होज काढून 200 लिटरच्या पिंपात सोडा, पिंप पंपाहून उंच ठेवा, बाहेरचं पाणी त्याच पिंपात परत. यंत्र सुमारे 6 किलोवॅट उष्णता पाण्यात टाकतं, म्हणजे पिंप मिनिटाला 0.4 अंशाने तापतं. दहा मिनिटांची चाचणी पुरे. पंप कोरडा एक मिनिटही नको, त्याचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं.

खरी तपासणी बोट पाण्यात उतरल्यावर. सीकॉक उघडा, पंपाच्या पुढची होज ढिली करून अखंड पाणी येईपर्यंत हवा जाऊ द्या, मग आवळा. आधी नुसता पंखा, मग कूलिंग. अर्ध्या तासाने चार आकडे लिहून पॅनेलच्या आत चिकटवा: बादलीचे सेकंद, पाणी आत-बाहेर यांतला फरक (5-6 अंश), परतीच्या आणि येणाऱ्या हवेतला फरक (8 ते 11 अंश), आणि अँपिअर. पाण्याचा फरक 8 च्या वर जाऊ लागला की गाळणी बघा. गाळणी स्वच्छ असूनही तसाच असेल तर कंडेन्सरच्या कॉइलमधून सायट्रिक अ‍ॅसिडचं 5 टक्के द्रावण वेगळ्या छोट्या पंपाने पाऊण तास फिरवा आणि गोड्या पाण्याने धुवा. बोयावरच्या बोटीला हे वर्षातून एकदा लागतंच, शाकारण्याच्या वेळी केलेलं बरं.