कन्सोलचा धंदा: ‘आतबट्ट्याचा व्यवहार’ की ‘पदरमोड’? ‘जोखीम’ की ‘धोका’?

प्रश्न: गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, अनेकदा उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीला विकली जातात. याला ‘आतबट्ट्याचा व्यवहार’ म्हणता येईल का? आणि या धोरणात जे बुडू शकतं त्याला ‘जोखीम’ म्हणावं की ‘धोका’?

प्रतिसाद: ‘आतबट्ट्याचा’ एवढ्यात नको. बट्टा म्हणजे नाणं मोडून घेताना कापली जाणारी रक्कम. हिशेब मिटल्यावर पदरचेच गेले असं दिसतं, तो व्यवहार आतबट्ट्याचा. कन्सोल विकला जातो तेव्हा हिशेब नुकता कुठे उघडलेला असतो.

समजा, कन्सोल बनवून पोचवायला ५०० डॉलर लागले आणि दुकानदाराचा वाटा जाऊन कंपनीच्या हाती ४०० आले. तूट १००. इतर कंपन्यांच्या प्रत्येक गेममागे १० डॉलर स्वामित्वशुल्क मिळत असेल, तर दहावा गेम विकला गेला की तूट भरून निघते. इथवर ती पदरमोड, म्हणजे जाणूनबुजून स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे. पण गिऱ्हाईक सरासरी सहाच गेम घेऊन थांबलं आणि सुट्या भागांच्या किमतीही उतरल्या नाहीत, तर दर कन्सोलमागे ४० डॉलर बुडतात आणि खप वाढेल तसा तोटाही वाढतो. तेव्हा खुशाल ‘आतबट्ट्याचा’ म्हणा.

याचं टोकाचं उदाहरण सोनीच्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलचं. अमेरिकी हवाई दलाने सुमारे १,७०० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला, तो २०१० मध्ये सुरू झाला. एवढे कन्सोल गेले, पण त्यांच्यावर गेम खेळणारं कुणीच नव्हतं, म्हणजे शुल्कातून तूट भरून निघायची वाटच नव्हती.

प्रतिसाद: पदरमोड करायला पदर लागतो, हेही ध्यानात घ्यावं. १९९३ च्या थ्रीडीओ या कन्सोलमध्ये आराखडा एका कंपनीचा आणि यंत्र बनवणारी पॅनासॉनिक वेगळी. गेमवरचं शुल्क आराखडेवाल्यांकडे जाई, त्यामुळे पॅनासॉनिकला नफा यंत्रावरच काढावा लागे. किंमत ६९९ डॉलर ठेवली गेली आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही.

प्रतिसाद: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. क्रियापदं लावून पाहिली की शब्द आपोआप वेगळे होतात: जोखीम पत्करतात, धोका उद्भवतो, फटका बसतो.

२००६ मध्ये सोनीने ब्लू-रे ही नवी व्हिडिओ-तबकडी आणि सेल हा नवा प्रोसेसर दोन्ही प्लेस्टेशन ३ या एकाच यंत्रात घातले आणि अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलर किंमत लावली. ती जोखीम, कारण समोर लाभही दिसत होता. त्याच हंगामात निन्टेन्डोने गेमक्यूब या आपल्या आधीच्या कन्सोलच्या जवळचंच, स्वस्त तंत्र वापरून २४९.९९ डॉलरला वी हा कन्सोल आणला. त्यात पदरमोड नव्हती, म्हणून जोखीमही नव्हती असं मात्र नाही. हौसेने आलेलं नवखं गिऱ्हाईक पुढच्या यंत्राकडे वळेलच याचा भरवसा नव्हता. वी १० कोटींवर खपला. त्यानंतरचा वी यू सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबला.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलमधला बिघाड, म्हणजे यंत्र बंद पडल्याची खूण म्हणून लागणारे ते तीन लाल दिवे, हा धोका. तो कुणी लाभाच्या आशेने पत्करलेला नव्हता. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. हा फटका.

जाता जाता लेखनाचं. ‘जोखीम’ स्त्रीलिंगी, ‘खी’ दीर्घ. सामान्यरूपात ही ‘ई’ गळते: जोखमीचा, जोखमीला. ‘जोखीमीचा’ असं सर्रास छापलं जातं, ते चूक आहे. ‘जोखिम’ हे हिंदीचं वळण.

प्रश्न: मग ‘अनुदानित कन्सोल’ कसं वाटतं?

प्रतिसाद: नको. अनुदान देणारा तिसरा असतो, बहुधा सरकार. इथे विकणाराच पैसे घालतो आणि ते गेममधून वसूल करायला बसतो. ‘पदरमोडीची किंमत’ म्हणा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.