एमिरेट्सचं फर्स्ट क्लास: ए३८० की ७७७?

भटक्या: आईबाबांच्या लग्नाचा ५०वा वाढदिवस, दुबई-लंडन फर्स्टने पाठवायचा विचार चाललाय, पण कुठलं विमान घेऊ तेच कळेना.

खिडकीवाला: ए३८० मध्ये १४ सुईट (एकेकाची खोलीसारखी जागा), दार आहे पण वर उघडंच. २०१७ च्या नव्या ७७७ मध्ये फक्त ६, ओळीत तीनच आणि भिंत थेट छतापर्यंत. मधल्याला खरी खिडकी नाही हां, स्क्रीनवर बाहेरचं दिसतं. सगळ्या ७७७ मध्ये हे नाहीये, सीटमॅप बघूनच बुक कर.

चहाबाज: अरे पण दोघं एकेकटे कोंडून बसणार का? ए३८० ची मधली जोडी घे, शिवाय शॉवर आहे, पाणी ५च मिनिटं.

भटक्या: आई म्हणते आंघोळ घरूनच करून निघू, बिझनेसच काढ 😀